टाकी नवी बसली, मग लाइन का तुंबते?

पाच जण, दोन खोल्या, एक टॉयलेट. भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्या कुणालाही या गणिताचं उत्तर पाठ असतं : सकाळी साडेसात ते नऊ रांग. त्यात मागच्या महिन्यात जुनी, सतत ठिबकणारी फ्लशची टाकी एकदाची बदलली. मालककाकांनी दोन बटणांची चकचकीत नवी टाकी बसवून दिली. ग्रुपवर फोटो पडला, त्यावर अंगठे पडले. आणि दहा दिवसांनी त्याच ग्रुपवर मेसेज, "कमोड परत तुंबला आहे. कोणी काय टाकलं??"

तुंबलं, पंप मारला, गेलं, आठ दिवसांनी पुन्हा तुंबलं. अशा वेळी दोनच गोष्टी होतात. एक तर फ्लॅटमध्ये संशयाचं वातावरण तयार होतं. मुलींचा फ्लॅट असेल तर मालकीणबाई थेट सॅनिटरी पॅडवर येतात, मुलांचा असेल तर "तुम्ही लोक काहीही टाकता" हे ठरलेलं वाक्य येतं. दुसरं म्हणजे प्लंबर येतो, स्प्रिंग मारतो, पैसे घेतो आणि जातो. ते पैसे कुणी द्यायचे यावर तिसरं भांडण.

पण जुनी टाकी असताना याच पाच जणांनी, याच कमोडमध्ये, वर्षभर काही तुंबवलं नव्हतं. मग बदललं काय? फक्त टाकी. म्हणजे शोधाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. हा शोध तुम्ही स्वतः लावू शकता. त्यासाठी लागतं काय? एक बादली, एक लिटरचा मग, मोबाइलमधलं घड्याळ आणि थोडी चिकाटी.

आधी तारखा लिहा

काहीही उघडण्याआधी, कुणावरही आरोप करण्याआधी एक कागद टॉयलेटच्या दाराला चिकटवा. कधी तुंबलं, किती वाजता, त्याआधी फुल बटण दाबलं होतं की हाफ, पाणी वर आलं की हळूहळू उतरलं, बाथरूमच्या जाळीतून आवाज आला का, एवढंच लिहायचं. नाव लिहायचं नाही. नाव लिहायला लागलं की लोक खरं लिहित नाहीत.

दोन आठवड्यांत या कागदावर एक नक्षी दिसू लागते. त्रास फक्त सकाळच्या घाईतच होत असेल तर टाकी नीट भरत नसण्याची शक्यता मोठी. वेळ कुठलीही असो, पण दर आठ-दहा दिवसांनी हमखास तुंबत असेल तर आत कुठेतरी काहीतरी अडकून बसलंय आणि त्याला हळूहळू बाकीचं चिकटतंय. जोराचा पाऊस पडला की तुंबत असेल, किंवा फक्त तळमजल्यावरच त्रास असेल, तर दोष तुमच्या टॉयलेटचा नाही, बाहेरच्या चेंबरचा किंवा मुख्य लाइनचा आहे. प्लंबर आल्यावर त्याला "सारखं तुंबतं हो दादा" सांगण्यापेक्षा हा कागद दाखवा. त्याचंही काम निम्म्यावर येतं.

दहा लिटरची सवय, सहा लिटरची टाकी

आता मूळ मुद्दा. आपल्याकडच्या जुन्या टाक्या एका फ्लशला १० लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी सोडायच्या. छताजवळ बसवलेली, साखळी ओढायची लोखंडी टाकी आजोबांच्या घरी पाहिली असेल, ती याच जातीची. आता मिळणाऱ्या दोन बटणांच्या टाक्या साधारणपणे मोठ्या बटणाला ६ लिटर आणि छोट्या बटणाला ३ लिटर सोडतात.

आपल्या पाच जणांच्या फ्लॅटचा हिशेब मांडू. प्रत्येकाने दिवसातून एकदा मोठा आणि चार वेळा छोटा फ्लश केला असं धरा. जुन्या टाकीत छोटं-मोठं असा भेद नव्हता. एकूण २५ फ्लश, प्रत्येकी १० लिटर, म्हणजे २५० लिटर. नव्या टाकीत ५ मोठे फ्लश म्हणजे ३० लिटर आणि २० छोटे फ्लश म्हणजे ६० लिटर. एकूण ९० लिटर. दिवसाला १६० लिटर पाणी वाचलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या कुठल्याही शहरात ही चांगलीच बातमी आहे.

पण पाइपच्या बाजूने बघा. त्याच पाइपमधून वाहून जायचा मैला तेवढाच आहे आणि त्याला ढकलणारं पाणी मात्र निम्म्याहूनही कमी झालंय. एका फ्लशमध्ये सगळं थेट चेंबरपर्यंत पोहोचतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आडव्या पाइपमध्ये मैला काही अंतर जाऊन थांबतो, पुढचा फ्लश त्याला पुढे नेतो, मग त्याच्या पुढचा. पाणी कमी झालं की प्रत्येक उडी आखूड होते. पाइपला चांगला उतार असेल तर तरीही काम भागतं. चार इंची पाइपला मीटरमागे साधारण २ ते २.५ सेंटिमीटर उतार लागतो. जुन्या बांधकामात हा उतार कमी असेल, किंवा मध्येच पाइप खचला असेल, तर १० लिटरच्या लोंढ्यात तो दोष झाकला जायचा. ६ लिटरमध्ये तो उघडा पडतो. नव्या टाकीने जुना आजार दाखवला, एवढंच.

दुसरी गोष्ट भांड्याची. टाकी आणि भांडं ही जोडी असते. जुनं भांडं जास्त पाण्यासाठी घडवलेलं असतं. त्याची वळणं, कडेची भोकं, तळाचा आकार सगळं त्या हिशेबाने. त्यावर कमी पाण्याची टाकी बसवली की पाणी फिरतं, पण ढकलत नाही. इंडियन टॉयलेटमध्ये तर हे लगेच कळतं, कारण त्याचा तळ जवळजवळ सपाट असतो. म्हणूनच अनेक घरांत टाकी असूनही शेजारी बादली ठेवलेली असते.

हा गोंधळ अमेरिकेनेही घातलाय

तुमच्या फ्लॅटमध्ये जे चाललंय ते एका अख्ख्या देशात होऊन गेलंय. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा केला आणि १९९४ पासून घरगुती वापराच्या नव्या टॉयलेटवर एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे साधारण ६ लिटर, अशी मर्यादा आली. सुरुवातीच्या अनेक मॉडेल्समध्ये पाणी कमी केलं, पण भांड्याचा आकार जवळपास जुनाच राहिला. लोक दोन-दोनदा फ्लश करायला लागले, तुंबण्याच्या तक्रारी वाढल्या, कायद्याची टिंगल झाली.

उपाय पाणी वाढवण्यात निघाला नाही, भांडं सुधारण्यात निघाला. २००३ पासून कॅनडा आणि अमेरिकेत मॅप नावाची चाचणी सुरू झाली. तीत सोयाबीनच्या पेस्टचे गोळे भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम निघून जातात ते मोजतात. हसू येईल, पण याच चाचणीने कंपन्यांना वळणं आणि पाण्याची वाट नव्याने आखायला लावली. पुढे २०१२ मध्ये तिथल्या प्लंबिंग क्षेत्रातल्या संस्थांनी एकत्र येऊन पाइपमध्ये मैला किती दूर जातो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त फरक तीन गोष्टींनी पडतो असं त्यात दिसलं : फ्लशचं पाणी, पाइपचा उतार आणि टॉयलेट पेपर ओला झाल्यावर किती चिवट राहतो. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बादलीची परीक्षा

आता दोषी कोण, टाकी की लाइन? यासाठी सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे बादली. भांड्यातलं पाणी नेहमीच्या पातळीला असताना ८ ते १० लिटर पाणी कमरेच्या उंचीवरून, तीन-चार सेकंदांत, एका दमात ओता. शिंतोडे उडतील, जुने कपडे घाला.

पाणी गर्रकन फिरून एकदम खाली गेलं तर भांडं आणि जवळची लाइन मोकळी आहे. संशय टाकीवर. पाणी वर चढलं आणि रेंगाळत उतरलं तर पुढे अडथळा आहे, टाकीचा दोष असो वा नसो. पाणी चढतच गेलं आणि थांबलं तर ओतणं लगेच बंद करा. ही तुंबलेली लाइन आहे, परीक्षा संपली.

ही परीक्षा पंप मारून लाइन मोकळी झाल्यानंतर एकदा आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा करा. पहिल्या दिवशी झटकन आणि चौथ्या दिवशी रेंगाळत, असं झालं तर आत काहीतरी साचतंय हे पक्कं.

टाकी दोषी निघाली तर

झाकण हळूच उचला. चिनी मातीचं असेल तर दोन्ही हातांनी धरून जमिनीवर आडवं ठेवा. आतलं पाणी स्वच्छच असतं, घाबरायचं कारण नाही.

पहिली तपासणी, पाणी किती भरतं? आतल्या भिंतीवर पातळीची रेघ असते. पाणी तिच्या खाली थांबत असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी वाढवता येते. मात्र ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापेक्षा पाणी खालीच राहिलं पाहिजे.

दुसरी तपासणी, पाणी किती सुटतं? भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करा आणि मोठं बटण एकदा दाबून सोडा. आता लिटरच्या मगाने मोजत टाकी पुन्हा रेघेपर्यंत भरा. जितके मग लागले तितके लिटर तुमचा मोठा फ्लश सोडतो. टाकीवर ६ लिटर लिहिलंय आणि प्रत्यक्षात चारच मग लागले, तर आतला व्हॉल्व्ह लवकर बंद होतोय. बटण दाबून धरल्यावरच जर पूर्ण पाणी जात असेल तर हेच कारण. अनेक टाक्यांत व्हॉल्व्हवर फुल आणि हाफचं प्रमाण बदलण्याची सोय असते. बसवणाऱ्याने ती तशीच सोडून दिलेली असते, कारण भांडं कुठलं आहे हे त्याने पाहिलेलं नसतं.

तिसरी तपासणी, टाकी भरायला किती वेळ लागतो? मोबाइलवर वेळ लावा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीवरची पाण्याची टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम एक मजला उंच असते, त्यामुळे दाब कमी पडतो. भरायला पाच-सहा मिनिटं लागत असतील आणि सकाळी माणसं चार मिनिटांच्या अंतराने जात असतील, तर प्रत्येक जण अर्ध्या टाकीवर फ्लश करतोय. अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. पाण्यासोबत येणारा गाळ अडवायला भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती धुऊन घ्या. आणि जोपर्यंत हे सुधारत नाही तोपर्यंत सकाळच्या घाईत शेजारी भरलेली बादली ठेवा.

चौथी तपासणी, टाकीतून भांड्यात येणारा फ्लशचा पाइप. टाकी खाली, भांड्याच्या पाठीशी असेल तर पाण्याला उंचीचा जोर मिळत नाही. ती कमतरता जाड पाइपने भरून काढायची असते. जुना बारीक पाइप तसाच ठेवून, किंवा रबराची वायसर आत दुमडून जोडणी केली असेल, तर टाकी भरलेली असूनही पाणी आळसावल्यासारखं येतं.

पाचवी, भांड्याच्या कडेखालची भोकं. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने ती क्षार साचून बुजतात. प्रयोगशाळेत यासाठी एक गंमतशीर परीक्षा असते, ती घरी करता येते. पाण्यात विरघळणाऱ्या स्केच पेनने किंवा खाण्याच्या रंगाने भांड्याच्या आत, कडेच्या एक इंच खाली गोल रेघ मारा आणि फ्लश करा. जिथे रेघ उरली तिथे पाणी पोहोचत नाही. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून, त्यात भिजवलेला टिश्यू रात्रभर कडेखाली दाबून ठेवा. सकाळी टिश्यू काढून कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नाही, आणि जुन्या ब्रशने घासा.

शेवटचं, बटणांची भाषा. छोटं बटण फक्त लघवीसाठी. "पाणी वाचवूया" म्हणून प्रत्येक वेळी छोटंच दाबणारा एक पर्यावरणप्रेमी प्रत्येक फ्लॅटमध्ये असतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण ३ लिटरमध्ये मैला पाइपच्या पहिल्याच वळणावर बसून राहतो, मग पुढच्या माणसाला दोनदा मोठा फ्लश करावा लागतो.

लाइन दोषी निघाली तर

टाकी बदलण्याच्या दिवसाकडे परत जा. जुन्या टाकीचे खिळे काढताना टाइलचा कपचा उडाला का? सिमेंट लावलं का? कमोडचं झाकण उघडं होतं का? काम करताना वास येऊ नये म्हणून पाइपच्या तोंडात कापड किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबतात आणि ती काढायची राहते, हे प्लंबर मंडळींनाही ठाऊक असतं. भांडं हलवून परत बसवलं असेल तर सांध्यातलं व्हाइट सिमेंट आत ओघळून घट्ट झालेलं असू शकतं, किंवा भांड्याचं तोंड आणि पाइपचं तोंड एका रेषेत राहिलेलं नसतं.

असा टणक तुकडा पहिल्या दिवशी लाइन अडवत नाही. तो फक्त अडवतो कागद, केस, कापसाचा धागा. मग त्यावर बाकीचं साठतं. पंप मारल्यावर मधून भोक पडतं, पाणी जातं, सगळे खूश. तुकडा तिथेच. दर आठ-दहा दिवसांचं चक्र असं तयार होतं. म्हणून प्लंबरला बोलावलंत तर फक्त "मोकळं करा" म्हणू नका. "स्प्रिंगला काय लागून आलं ते दाखवा" असं म्हणा. सिमेंट निघालं तर वाद संपला. पॅड किंवा वाइप निघाला तरी वाद संपला.

इथे ती तिसरी गोष्ट. तीन काचेच्या बरण्या घ्या. एकीत टॉयलेट पेपर, दुसरीत चेहरा पुसायचा टिश्यू, तिसरीत ओला वाइप. पाणी घाला, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवा. टॉयलेट पेपरचा लगदा होतो. टिश्यूचे तुकडे तरंगत राहतात, कारण तो ओला होऊनही फाटू नये म्हणूनच बनवलेला असतो. वाइप जसाच्या तसा. पाकिटावर काहीही छापलेलं असो, बरणीत जे विरघळलं नाही ते कमोडमध्ये टाकायचं नाही. पॅडचंही तेच. ते पाणी शोषून फुगायलाच बनवलेलं असतं. कागदात गुंडाळून, वेगळं ओळखू येईल असं द्यायचं. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, ती यासाठीच. उरलेली आमटी, तेल, चहाचा चोथा, दाढीचे केस, हेही कमोडचं खाणं नाही.

लाइन बोलते, ऐका

फ्लश केल्यावर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून बुडबुड आवाज येतो का? किंवा तिथून पाणी वर येतं का? तसं असेल तर अडथळा कमोडच्या पुढे, जिथे दोन्ही पाइप एकत्र येतात त्यानंतर आहे. कमोडमध्ये कितीही पंप मारलात तरी उपयोग नाही. जुन्या इमारतींत मात्र मैल्याची आणि सांडपाण्याची लाइन वेगवेगळी उतरलेली असते, त्यामुळे तिथे हा आवाज येणारच नाही. गॅलरीतून डोकावून किती पाइप खाली जातात ते मोजा.

फ्लशनंतर कमोडमध्ये गुडगुड होऊन तळातलं पाणी नेहमीपेक्षा खाली जात असेल आणि खोलीत गटाराचा वास येत असेल, तर हवेचा पाइप बुजलेला असू शकतो. हा पाइप गच्चीवर उघडा असतो. कबुतरांनी घरटं केलं किंवा गच्चीच्या दुरुस्तीत कुणी तोंड बंद केलं की लाइनमध्ये हवा शिरत नाही. पाणी अडखळत जातं आणि जाताना भांड्यातलं पाणीही ओढून नेतं. भांड्याच्या वळणात थांबलेलं हे पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग्जने १७७५ मध्ये या वळणदार नळीचं पेटंट घेतलं आणि आजही आपण तिच्याच भरवशावर आहोत.

पंप मारायची रीत आणि बाटलीतला शॉर्टकट

पंप म्हणजे प्लंजर. त्याची रबरी वाटी पाण्यात पूर्ण बुडली पाहिजे, नाहीतर तुम्ही नुसती हवा ढकलताय. पहिला दाब हळू, म्हणजे आतली हवा निघते आणि अंगावर पाणी उडत नाही. मग वाटी न उचलता दहा-पंधरा वेळा खाली-वर. जोर खाली ढकलण्यापेक्षा वर ओढण्यात लावा. अडकलेली वस्तू पुढे लोटण्यापेक्षा मागे सैल करणं चांगलं. पाणी काठोकाठ असेल तर "एकदा फ्लश करून बघू" हा मोह टाळा. आधी अँगल कॉक बंद.

दुकानात मिळणारी लाइन मोकळी करायची पावडर बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असते. पाण्यात पडली की ती प्रचंड तापते. तेलकट चिकट्यावर ती काम करते, टाइलच्या तुकड्यावर, पॅडवर नाही. आणि पूर्ण तुंबलेल्या कमोडमध्ये टाकली तर तो दाहक द्राव तिथेच साठून राहतो. नंतर कुणीतरी तिथे पंप मारणार, शिंतोडे त्याच्या डोळ्यांत जाणार. आधी टाकली असेल तर प्लंबरला आत शिरतानाच सांगा. ॲसिडचं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि टॉयलेटची खोली छोटी असते.

काकांशी काय बोलायचं

इतकं केल्यावर तुमच्या हातात तारखांचा कागद आहे, मगांचा हिशेब आहे. आता मालकांना मेसेज करा. "काका, टॉयलेट तुंबलंय" एवढाच नको. साधारण असा :

"काका, नमस्कार. टाकी बदलल्यापासून तीन वेळा लाइन तुंबली, तारखा पाठवतोय. मोठा फ्लश चारच लिटर पाणी सोडतो, आम्ही मोजलं. बादलीने पाणी टाकल्यावर पहिल्या दिवशी जातं, चौथ्या दिवशी रेंगाळतं. आत काही अडकलं असावं. ज्या प्लंबरने टाकी बसवली त्यांनाच एकदा पाठवाल का? आम्ही घरी थांबतो."

असा मेसेज आल्यावर "तुम्ही लोक काहीही टाकता" म्हणणं अवघड जातं. खर्च कुणाचा, हे आधी तुमच्या अकरा महिन्यांच्या करारात बघा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात नाली साफ करणं आणि टॉयलेटची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे, तर गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं मालकाकडे, अशी विभागणी सुचवलेली आहे. ती तुमच्या करारावर आपोआप लागू होत नाही, पण बोलणी करताना तर्क म्हणून वापरता येते. वापरामुळे तुंबलं तर आपण, बसवण्यात चूक असेल तर तुम्ही. सामाईक लाइन किंवा चेंबर असेल तर तो विषय सोसायटीचा. डिपॉझिटमधून कापायची वेळ आली तर हाच कागद आणि स्प्रिंगला लागून आलेल्या तुकड्याचा फोटो कामी येईल.

चेंबरचं झाकण उघडण्याआधी

आणि आता या सगळ्यातली सर्वांत गंभीर गोष्ट. मुख्य लाइन किंवा सेप्टिक टँक तुंबला की कुणीतरी सहज म्हणतं, "दोन पोरं बोलवू, उतरतील खाली." बंद चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साठतात. एक माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा नियम फक्त महापालिकेला नाही, कुणालाही लागू आहे, म्हणजे सोसायटीला आणि घरमालकालाही. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली.

भाडेकरू म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला मत नसेल. पण आवारात कुणी कमरेला दोरी बांधून चेंबरमध्ये उतरताना दिसलं तर "दादा, थांबा, उतरू नका" असं म्हणायला मत लागत नाही. जेटिंग मशीन किंवा मैला ओढणारी गाडी महापालिकेकडे असते, खासगीतही भाड्याने मिळते. सेक्रेटरींना फोन लावा, गाडी येईपर्यंत टॉयलेट वापरू नका, शेजाऱ्यांकडे जा, कॉलेजमध्ये जा. एक दिवसाची गैरसोय होईल, ती होऊ द्या.